रूळ होते, पण गाव होतं का? उजाड रेल्वेवस्तीला विश्वकोशात पान द्यावं की नाही, हे ठरवण्याची रीत

अमेरिकेतल्या गावांवर विकिपीडियात लिहिताना एकच चूक पुन्हा पुन्हा होते. सरकारी नावसूचीत एक नाव सापडतं. त्यापुढे ‘लोकवस्ती’ असा शेरा आणि अक्षांश-रेखांश असतात. तेवढ्यावर ‘अमुक हे तमुक काउंटीतील एक गाव होते’ असं वाक्य लिहून पान तयार होतं. पुढे कोणीतरी जुना नकाशा उघडतं, तर तिथे निघते साइडिंग: मुख्य रुळाला जोडलेला बाजूचा रूळ आणि नावाचा फलक, बाकी माळरान.

मीही असं एक पान इंग्रजीतून मराठीत आणलं होतं. मूळ पान तिकडे चर्चा होऊन उडालं. मला त्याचा पत्ताच नव्हता, त्यामुळे मराठीत ते ‘गाव’ बरेच दिवस नांदत होतं. पुढची रीत त्यानंतर बसवलेली आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. बहुतेकांची गडबड क्रमातच होते, कारण ते आधी लिहितात आणि मग पुरावा शोधतात.

## १. तयारी: पान उघडण्याआधी टेबलावर काय हवं

धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियातल्या आपल्या सरावाच्या पानावर, तीन रकान्यांचा तक्ता करा: वर्ष, काय दिसलं, कुठे दिसलं. मत कुठेही लिहू नका, फक्त जे दिसलं ते लिहा. मग या गोष्टी गोळा करा:

- अमेरिकी भूसर्वेक्षण खात्याच्या टोपोव्ह्यू या संकेतस्थळावरून त्या जागेचे जुने नकाशे. निदान दोन, आणि त्यांत वीस-तीस वर्षांचं अंतर असलेले.
- ती रेल्वे कोणत्या कंपनीची होती, रूळ कधी पडले, कधी उखडले.
- काउंटीचं नाव, आणि काउंटीच्या हद्दी बदलल्या असतील तर जुन्या काउंटीचंही.
- नावाची सगळी रूपं. रेल्वेचं नाव एक आणि टपाल कचेरीचं दुसरं, असं सर्रास आढळतं.

तपासा: कंपनीचं नाव आणि रूळ पडल्याचं वर्ष मिळालं का? नसेल तर पुढे जाऊ नका. या दोन गोष्टींशिवाय वृत्तपत्रांतला शोध म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणं.

## २. सूचीतला शेरा बाजूला ठेवा

जिऑग्राफिक नेम्स इन्फर्मेशन सिस्टिम, म्हणजे जीएनआयएस, ही अमेरिकेची अधिकृत नावसूची. तिचा मोठा भाग १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून भूसर्वेक्षण खात्याच्या नकाशांवरची नावं टिपून भरला गेला. नकाशावर रुळाशेजारी नाव छापलेलं दिसलं, पण ते कशाचं आहे हे नकाशा सांगत नव्हता. तरी प्रत्येक नोंदीला एक वर्ग द्यावाच लागे, आणि अशा कितीतरी नावांवर ‘लोकवस्ती’चा शिक्का बसला.

म्हणून इंग्रजी विकिपीडियावर पुष्कळ वाद होऊन असं ठरलं की ही सूची नाव आणि स्थान यांसाठी विश्वासार्ह आहे, पण वर्गासाठी नाही. सूचीत नाव आहे एवढ्यावर उल्लेखनीयताही, म्हणजे स्वतंत्र पान मिळण्याची पात्रताही, ठरत नाही. नावापुढे ‘ऐतिहासिक’ असा शेरा असला तर त्याचा अर्थ ती गोष्ट आता नाही, इतकाच. ती गोष्ट गाव होती की पाण्याची टाकी, हे त्यातून कळत नाही.

सावधान: हवामान दाखवणारी, नकाशे दाखवणारी, वंशावळ शोधून देणारी असंख्य संकेतस्थळं हीच सूची उचलतात. पाच ठिकाणी ‘गाव’ लिहिलेलं दिसलं म्हणजे पाच संदर्भ झाले असं होत नाही. एकच चूक पाच आरशांत दिसते आहे.

## ३. नाव कशाचं होतं ते ठरवा

इथे घाई करू नका. माझा निम्मा वेळ याच टप्प्यावर जातो.

एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला ठरावीक अंतरावर क्रॉसिंगची जागा लागते. वाफेच्या इंजिनाला वरचेवर पाणी लागतं. गाडीचे हुकूम तारेने जात, त्यामुळे अशा प्रत्येक जागेला नाव असणं भाग होतं. ते नाव द्यायला तिथे माणूस राहत असण्याची गरज नव्हती. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात १८८३ साली रूळ पडले, तेव्हा अँबॉयपासून पूर्वेकडे थेट इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने नावं ठेवली गेली: कॅडिझ, डॅन्बी, पुढे फेनर, गॉफ्स. वर्गात हजेरी घ्यावी तशी. त्यांतल्या अँबॉय आणि गॉफ्स इथे खरीखुरी वस्ती झाली. गॉफ्सला १९१४ साली बांधलेली शाळेची इमारत आजही उभी आहे. याच माळेतलं जावा मात्र साइडिंगच आहे. नाव ठेवणारी रीत एकच होती, त्यामुळे नावाकडे पाहून काही कळत नाही.

रुळाशेजारचं नाव साधारण यांपैकी कशाचं तरी असतं:

साइडिंग. बाजूचा रूळ आणि फलक.

सेक्शन हाउस. काही मैलांच्या रुळाची देखभाल करणारी टोळी आणि तिचा मुकादम यांची राहायची जागा. आपल्याकडच्या गँगमनच्या चाळीसारखं समजा. माणसं राहत होती, कधी बायकापोरांसह. पण घरं कंपनीची, आणि टोळी हलली की सगळं हललं.

लोडिंगचा फाटा. एखाद्या खाणीचा, लाकूड गिरणीचा किंवा धान्याच्या कोठाराचा. नाव बहुधा मालकाचं. इथे फसायला होतं, कारण गिरणीबरोबर कामगारांची छावणी असते आणि छावणीचा उल्लेख वर्तमानपत्रात ‘कॅम्प’ म्हणून येतो. ती कधी सहा महिने टिकते, कधी तीस वर्षं.

तारघर असलेलं स्थानक. आता खऱ्या वस्तीची शक्यता सुरू झाली.

डिव्हिजनचं ठाणं. इंजिनांची शेड, दुरुस्तीचा कारखाना, इंजिनं आणि चमू बदलण्याची जागा. इथे दुकानं, खाणावळी, शाळा येतातच.

हे ओळखायला सगळ्यांत उपयोगी कागद म्हणजे रेल्वेचं कर्मचाऱ्यांसाठीचं वेळापत्रक, आपल्याकडे ज्याला वर्किंग टाइम टेबल म्हणतात ते. जुनी वेळापत्रकं स्कॅन होऊन आलेली आहेत. स्थानकाच्या नावाशेजारी साइडिंगमध्ये किती डबे मावतात तो आकडा असतो, आणि तारघर, पाणी, कोळसा यांच्या खुणेची अक्षरं असतात. त्या खुणांचा अर्थ त्याच वेळापत्रकात दिलेला असतो. आधी तो वाचा, कारण खुणा कंपनीगणिक बदलतात. नुसता डब्यांचा आकडा असेल आणि बाकी रकाने कोरे असतील, तर समजून जा.

मग नकाशा. १:६२,५०० किंवा १:२४,००० या प्रमाणाच्या नकाशावर इमारती काळ्या चौकोनांनी दाखवलेल्या असतात. ते मोजा. नावाशेजारी एक चौकोन असेल तर ते सेक्शन हाउस असू शकतं, एकही नसेल तर फलक. मात्र नकाशा वस्ती उठल्यानंतर पाहणी केलेला असेल तर कोरी जागा काहीच सिद्ध करत नाही. म्हणून दोन नकाशे सांगितले.

तपासा: ‘१९१० साली इथे … होतं’ हे वाक्य रेल्वेच्या मालकीची नसलेली एखादी गोष्ट घालून पुरं करता येतं का? शाळा, दुकान, खाणावळ, चर्च, दफनभूमी, काहीही. (वर्ष तुमच्या जागेच्या भरभराटीचं घ्या.) येत नसेल तर चौथा टप्पा पटकन उरका आणि सहाव्यावर जा.

## ४. कायदेशीर मान्यता होती का?

इंग्रजी विकिपीडियाचा नियम असा: लोकवस्तीच्या आणि कायद्याने मान्य असलेल्या जागा सहसा उल्लेखनीय धरल्या जातात, मग लोकसंख्या कितीही कमी असो. वस्ती उठून गेली तरी हरकत नाही, कारण जागेचा पूर्ण इतिहास मोजला जातो. मान्यता नसेल तर मात्र प्रत्येक जागेचा विचार स्वतंत्रपणे, संदर्भांच्या जोरावर.

वेस्ट व्हर्जिनियातलं थर्मंड हे रेल्वेचं गाव. २०१० च्या जनगणनेत तिथे ५ माणसं होती. पण ते रीतसर नोंदलेलं नगर आहे, त्यामुळे वादच नाही.

आपला गोंधळ होतो तो महाराष्ट्रातल्या सवयीमुळे. आपल्याकडे महसुली गाव माणसं निघून गेली तरी दप्तरात राहतं. ‘बेचिराख’ असा शेरा लागतो, पण शिवार, हद्द, सातबारे सगळं शाबूत. अमेरिकेच्या पश्चिमेत रुळाकाठी उगवलेल्या बहुतेक वस्त्यांना असं दप्तर कधी मिळालंच नाही. त्यांची तुलना महसुली गावाशी करू नका, तांडा-पाडा-वस्तीशी करा, ज्यांची नावं सगळ्यांना ठाऊक असतात पण सरकारी कागदावर त्या दुसऱ्याच गावात मोडतात.

मान्यता म्हणून चुकीने पुढे केल्या जाणाऱ्या तीन गोष्टी:

*टपाल कचेरी.* लहान टपाल कचेरी बहुतेकदा एखाद्याच्या दुकानात, घरात किंवा स्थानकातच असे. ती आसपासच्या शेतकऱ्यांसाठी होती, खाली गाव असायलाच हवं असं नव्हतं. १८९६ मध्ये घरपोच ग्रामीण टपाल सुरू झाल्यावर अशा पुष्कळ कचेऱ्या मिटल्या. टपाल कचेरी बंद झाली त्याच वर्षी गाव ओस पडलं, असं लिहिणारे इथेच चुकतात.

*भूखंडांचा आराखडा.* कंपनीने किंवा जमिनीच्या दलालाने रस्ते आखून काउंटीत आराखडा दाखल केला, म्हणजे भूखंड विकायला काढले. विकले गेले की नाही, ते वेगळं शोधावं लागतं.

*मतदानाचा विभाग.* निवडणुकीची यादी वर्तमानपत्रात छापून येते आणि तिच्यात स्थानकाचं नाव असतं. ते मतपेटी कुठे ठेवली त्याचं नाव.

## ५. शोध: कुठे, कोणत्या क्रमाने

आधी वर्तमानपत्रं. लायब्ररी ऑफ काँग्रेसचा क्रॉनिकलिंग अमेरिका हा संग्रह फुकट आहे आणि तो १९६३ पर्यंतची पत्रं देतो. नुसतं नाव टाकू नका. युटामधल्या जुन्या मार्गावर लेक आणि बोव्हाइन नावाची ठाणी होती. एकाचा अर्थ तळं, दुसऱ्याचा गाईगुरांसंबंधी. काय सापडेल ते तुम्हीच ओळखा. नावाबरोबर रेल्वे कंपनी, काउंटी आणि ‘सेक्शन फोरमन’, ‘पोस्टमास्टर’, ‘स्कूल’ असा एखादा शब्द जोडा.

मग टपालाचे कागद. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात टपाल कचेऱ्यांच्या जागांचे अहवाल आहेत, १८३७ ते १९५० पर्यंतचे. पोस्टमास्तराने भरून पाठवलेला हा छापील अर्ज असे: जवळचं रेल्वे स्थानक किती दूर, ओढा कोणत्या बाजूला, शेजारची कचेरी कोणती, आणि एक हाताने काढलेला नकाशा. उल्लेखनीयता त्याने सिद्ध होत नाही, पण टपाल कचेरी नेमकी रुळाशी होती की चार मैलांवरच्या कुरणात, याचा निकाल लागतो.

जनगणना शेवटी. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीनंतर नष्ट झाले, तेव्हा त्या सालचं काही सापडलं नाही म्हणून वस्ती नव्हती असं समजू नका. व्यक्तींची नोंद असलेली पानं ७२ वर्षांनी खुली होतात. २०२२ मध्ये १९५० ची झाली.

सावधान: जनगणनेच्या पानांवरून रेल्वे मजुरांची कुटुंबं मोजून ‘गावाची लोकसंख्या ४३ होती’ असं स्वतः काढू नका. नोंदणी विभागवार झालेली असते आणि विभाग वस्तीपेक्षा कितीतरी मोठा असतो. शिवाय विश्वकोशात ते मूळ संशोधन, म्हणजे संपादकाने स्वतः काढलेला निष्कर्ष, ठरतं आणि ते चालत नाही.

दोन संध्याकाळी नीट बसून काही मिळालं नाही तर थांबा. तिसऱ्या संध्याकाळी माणूस नसलेलं शोधून काढायला लागतो.

## ६. सापडलेल्याचं वजन करा

वर्तमानपत्रात नाव दिसलं की हुरूप येतो. तो आवरा आणि बातमी कशाबद्दल आहे ते पाहा. ‘अमुकजवळ मालगाडी घसरली’ ही बातमी मालगाडीची. ‘अमुकहून गुरांचे डबे रवाना’ ही गुरांची. स्थळनामांच्या कोशात ‘रेल्वे अधिकाऱ्याच्या मुलीवरून नाव’ अशी ओळ असेल तर ती नावाबद्दल आहे. आपल्याला हवा तो मजकूर, ज्यात जागा स्वतः विषय आहे. आणि तो रेल्वे कंपनीचा नसावा. कंपनीची वेळापत्रकं, जाहिराती तथ्य तपासायला वापरा, उल्लेखनीयतेला नाही.

युटामधला प्रोमोंटरीचा जुना मार्ग यासाठी उत्तम तालीम आहे. १८६९ मध्ये पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ इथे जुळले, १९०४ मध्ये ग्रेट सॉल्ट लेकवरून थेट मार्ग झाला आणि हा आडबाजूला पडला. १९४२ मध्ये युद्धासाठी रूळ उखडले गेले. त्यावरच्या चार जागा घ्या.

टेरेस हे सेंट्रल पॅसिफिक या रेल्वे कंपनीचं डिव्हिजनचं ठाणं. इंजिनशेड, कारखाना, वाचनालय, चिनी मजुरांची स्वतंत्र वस्ती, आणि तिथे अलीकडे झालेलं उत्खनन. आज तिथे कोणी राहत नाही. तरी पान हवंच.

केल्टनहून आयडाहोकडे घोडागाड्या आणि मालाची वाहतूक निघत असे. १२ मार्च १९३४ च्या भूकंपाने तिथे नुकसान केलं आणि भूकंपाच्या अभ्यासातही त्या जागेचं वर्णन आलं. रेल्वेखेरीज दोन वेगळ्या कारणांनी वेगवेगळ्या लोकांनी लिहिलंय. पान हवं.

रोझेल अवघड आहे. २८ एप्रिल १८६९ ला एका दिवसात दहा मैल रूळ टाकण्याचा जो विक्रम झाला, त्या दिवशी मजुरांची दुपारची जेवणाची सुट्टी या परिसरात झाली. हा प्रसंग जगप्रसिद्ध आहे. पण ती प्रसिद्धी विक्रमाची, रोझेलची नाही. माझ्या मते हा मजकूर रेल्वेच्या लेखात जातो. यावर प्रामाणिक मतभेद होऊ शकतो, हेही मान्य.

ओम्बी हे मार्गावरचं किरकोळ ठाणं. इथे एक फसवी गोष्ट आहे. ही जमीन सांभाळणाऱ्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटने या मार्गावरच्या स्थानकांची पुरातत्त्वीय पाहणी छापली आहे आणि तीत लहानसहान ठाण्यांच्याही नोंदी आहेत. संदर्भ स्वतंत्र, विश्वासार्ह, तपशीलवार. मग प्रत्येकाला पान द्यायचं? मी देणार नाही. एकाच अहवालाने सगळी ठाणी क्रमाने घेतली असतील, तर आपणही ती एका यादीत क्रमाने घ्यावीत. स्वतंत्र पान मिळवायला त्या अहवालाबाहेरचं कोणीतरी बोललं पाहिजे.

आपत्तीने नाहीशा झालेल्या गावांचं काम सोपं असतं. युटामधलंच थिसल हे रेल्वेचं गाव. एप्रिल १९८३ मध्ये दरड कोसळून नदी अडली आणि गाव पाण्याखाली गेलं. वर्तमानपत्रं, भूगर्भशास्त्र, सरकारी अहवाल, काहीच कमी नाही.

तपासा: संदर्भ समोर ठेवून पाच वाक्यं लिहा. वस्ती का झाली, कोण राहत होतं, काय काय होतं, कशावर जगत होती, का उठली. स्थान, अंतर आणि नावाची व्युत्पत्ती मोजायची नाही. तीन वाक्यंही भरली नाहीत तर स्वतंत्र पान नको. हा माझा घरगुती मापदंड आहे, नियम नव्हे, पण अजून फारसा चुकलेला नाही.

## ७. निर्णय आणि त्याची अंमलबजावणी

‘ठेवा’ किंवा ‘वगळा’ एवढेच दोन मार्ग आहेत असं समजल्यामुळे भांडणं होतात. मधले दोन विसरू नका: रेल्वेमार्गाच्या लेखातल्या स्थानकांच्या यादीत एक ओळ, किंवा काउंटीच्या लेखाकडे पुनर्निर्देशन, म्हणजे ते नाव उघडणाऱ्या वाचकाला आपोआप तिकडे नेणं. साइडिंगसाठी बहुतेक वेळा पहिला योग्य ठरतो. मात्र पुनर्निर्देशन करण्याआधी ते नाव लक्ष्य लेखात खरंच आहे ना, ते बघा. नाहीतर वाचक काउंटीच्या पानावर येऊन डोकं खाजवत बसतो.

इंग्रजी विकिपीडियावर वगळण्याची चर्चा साधारण सात दिवस चालते. तिथे ‘गुगलवर काही मिळत नाही’ हे कारण देऊ नका, लगेच कोणीतरी चार बातम्या टाकतं. कोणते नकाशे, कोणतं वेळापत्रक, कोणती पत्रं पाहिली आणि त्यांत काय दिसलं ते मांडा. आणि वीस साइडिंगांचा गठ्ठा एकदम चर्चेला लावू नका. त्यांतलं एक खरं गाव निघतं आणि बाकीची एकोणीसही त्याच्या आडोशाने वाचतात.

मराठी विकिपीडियावर आधी चर्चा पानावर लिहा, मग ‘पान काढा’ साचा (तयार सूचनापट्टी) लावा आणि पान वगळण्याचा अधिकार असलेल्या प्रचालकांना कारण द्या. पान ठेवायचं ठरलं तर पहिलं वाक्य दुरुस्त करा: ‘गाव होते’ ऐवजी जे होतं ते, म्हणजे ‘रेल्वे साइडिंग’, ‘स्थानक आणि कामगारवस्ती’. इंग्रजीतल्या ‘घोस्ट टाउन’चं ‘भुतांचे गाव’ हे भाषांतर मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. ओसाड गाव म्हणा, उजाड वस्ती म्हणा, भुतांना त्यात ओढू नका.

पान गेलं तरी काउंटीच्या मार्गक्रमण साच्यात (लेखांच्या तळाशी असणाऱ्या दुव्यांच्या चौकटीत), वर्गांत आणि सांगकाम्यांनी, म्हणजे आपोआप संपादन करणाऱ्या प्रोग्रॅमांनी, बनवलेल्या याद्यांत ते नाव ‘गाव’ म्हणून उरतं. ‘येथे काय जोडले आहे’ ही त्या पानाकडे येणाऱ्या दुव्यांची यादी उघडून ते एकेक काढा. शेवटी धूळपाटीवरचा तक्ता, शोधाची तारीख घालून, पुनर्निर्देशनाच्या चर्चा पानावर चिकटवा. आणखी काही वर्तमानपत्रं स्कॅन होऊन आली की पुढच्या संपादकाला कुठून सुरुवात करायची ते तिथेच सापडेल.